२०० ग्रॅम कमी खेचणारा प्रॉप हवेत जास्त वेळ कसा टिकतो?

खटपट्या_नाशिक

मंडळी नमस्कार. रिमोटच्या ट्रेनर विमानाच्या धाग्यावर प्रॉपचा (प्रोपेलरचा) विषय निघाला होता. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

विमान डेप्रॉनचं (हलक्या फोमचं), लो-विंग. पंखांची लांबी ११० सेंमी, बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. मोटर आपली सगळ्यांची लाडकी स्वस्तातली २२१२, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे). ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी.

प्रॉप दोन आहेत. एक १०×४.५ (व्यास × पिच, इंचात), क्वाडवर म्हणजे चार प्रॉपच्या ड्रोनवर सर्रास दिसतो तो, रुंद आणि लवचिक पात्यांचा. दुसरा ९×६, इलेक्ट्रिक विमानांसाठीचा, पाती अरुंद आणि कडक. घरातल्या डिजिटल वजनकाट्यावर एल आकाराचा लाकडी हात टेकवून थ्रस्ट (प्रॉपची खेच) मोजला. दोन्ही भुजा सारख्या, म्हणजे काट्यावर येईल तोच आकडा खरा. पूर्ण थ्रॉटलला:

१०×४.५ : ८०० ग्रॅमच्या जवळपास, १३ अँपिअर, साधारण ७५०० आरपीएम (मिनिटाला फेरे)
९×६ : जेमतेम ६०० ग्रॅम, करंट जवळपास तेवढाच, ७९०० आरपीएम

सरळ हिशेब केला तर १०×४.५ सरस. हवेत मात्र सगळं उलटं. १०×४.५ लावला की विमान हातातून झटकन सुटतं, चढतंही छान, पण सरळ उडताना कुणीतरी शेपटी धरून ठेवल्यासारखं वाटतं. थ्रॉटल जरा खाली आणला की बसायला लागतं. ९×६ वर मस्त पळतं. आणि तेवढीच मिनिटं उडवून आल्यावर चार्जर जे एमएएच परत भरतो ते जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी!

काटा ठीक आहे, वॉट मीटर ठीक आहे. मग गोम कुठे आहे?

ता. क. तळपदे, पुष्पक विमान वगैरे इथे नको. त्यासाठी आधीच धागे आहेत.

चौपंखी

पहिला संशय नेहमीचा. १०×४.५ उलटा बसलेला नाही ना? अंक छापलेली बाजू उडण्याच्या दिशेला हवी. उलटा बसवला तरी प्रॉप हवा मागेच फेकतो, म्हणून चटकन लक्षात येत नाही. विमान नुसतं मरगळतं.

खटपट्या_नाशिक

अंक पुढेच आहेत. आणि उलटा असता तर काट्यावर ८०० दिसले नसते.

चौपंखी

हो, तेही खरंच. मग मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

भिंगरी

काटा बरोबरच सांगतोय. तुम्ही त्याला विमान उभं असतानाचं विचारलंत, त्याने उभं असतानाचं सांगितलं.

प्रॉपची कार्यक्षमता म्हणजे थ्रस्ट गुणिले विमानाचा वेग, भागिले मोटरच्या शाफ्टवरून मिळालेली पॉवर. टेबलाला बांधलेल्या विमानाचा वेग शून्य. मग ते ८०० ग्रॅम खेचो नाहीतर ८ किलो, कार्यक्षमता व्याख्येनेच शून्य. काट्यावरचे ग्रॅम टेकऑफला आणि उभ्या चढाईला उपयोगी. सरळ उडताना बॅटरी किती पुरेल, याचा त्या आकड्याशी संबंध फार थोडा.

आता तुमचेच आकडे घेऊ. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप, अजिबात न घसरता, किती इंच पुढे जाईल ते. आरपीएम × पिच × ०.००१५२४ केलं की ताशी किलोमीटर मिळतात.

१०×४.५ : ७५०० × ४.५ × ०.००१५२४ = सुमारे ५१
९×६ : ७९०० × ६ × ०.००१५२४ = सुमारे ७२

हा झाला पिच स्पीड. तुमचं लो-विंग ५५ च्या आसपास आरामात उडत असणार. म्हणजे १०×४.५ त्याच्या मर्यादेवर आणि ९×६ ला अजून हात मोकळा.

पिच स्पीड ही काही भिंत नाही. हवेत प्रॉपवरचा भार उतरतो, आरपीएम वाढतात. पात्याला बाक असतो, त्यामुळे शून्य कोनातही ते थोडं खेचतं. म्हणून ५१ च्या पुढेही विमान जातं. पण पाती कोणत्या कोनात हवा कापतायत ते बघा, म्हणजे शेपटी कोण धरतंय ते कळेल.

प्रॉपच्या मध्यापासून टोकाकडे पाऊण अंतरावर पात्याचा कोन १०×४.५ चा १०.८ अंश येतो, ९×६ चा १५.८. समजा हवेत दोन्ही ८००० वर फिरतायत आणि विमान ताशी ५५ ने, म्हणजे सेकंदाला १५.३ मीटरने जातंय. पाऊण अंतरावरचा बिंदू १० इंची प्रॉपवर सेकंदाला जवळपास ८० मीटरने फिरतो. समोरून येणारे १५.३ आणि आडवे ८०, म्हणजे हवा पात्यावर १०.८ अंशातून येते. पात्याचा कोनही १०.८. उरला शून्य! ते पातं हवेला ढकलत नाही, तिच्यातून सरकतं, आणि मोटर त्याचं घर्षण भरत बसते. ९ इंचीवर तोच बिंदू ७२ मीटरने फिरतो, हवा १२ अंशातून येते, पात्याचा कोन १५.८, उरले जवळजवळ ४ अंश. पातळ बाकदार पात्याला थ्रस्ट जास्त आणि घर्षण कमी हे गणित साधारण तिथेच जमतं. प्रॉपने स्वतः ओढून आणलेल्या हवेचा वेग मी यात धरलेला नाही. तो धरला तर दोन्ही कोन अजून थोडे कमी होतील, फरक राहील.

जमिनीवर याच्या उलट. समोरून विमानाच्या वेगाची हवा नाही, त्यामुळे ९×६ चं पातं स्टॉलच्या (कोन फार झाल्याने हवेची पकड सुटण्याच्या) उंबरठ्याजवळ असतं, आणि १०×४.५ मात्र मजेत. तुमचे २०० ग्रॅम थोडे तिथे गेले, बाकीचे व्यासात.

खटपट्या_नाशिक

__/\__ दंडवत. वाचनखूण साठवली. शून्य अंश हे वाचून खुर्चीत सरळ बसलो.

जुना_खेळाडू

भिंगरीताईंनी गणिताने सांगितलं ते आमच्या वेळी हाताने कळायचं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये आम्ही कंट्रोल लाइन (तारांना बांधून गोल उडवायची विमानं) उडवायचो, डिझेल इंजिनं, बोटांना इथरचा वास. तेव्हा वॉट मीटर कुठलं! इंजिन जमिनीवर थोडं गुदमरल्यासारखं चाललं पाहिजे आणि हवेत मोकळं झालं पाहिजे, हा आमचा नियम. जमिनीवरच सुसाट सुटलं तर पिच कमी पडली समजायचं.

एक जुनी कामाची गोष्ट सांगतो. मोटरवर भार तेवढाच ठेवून प्रॉप बदलायचा असेल तर व्यास एक इंच उतरवा, पिच २ इंच चढवा. १०×४ च्या जागी ९×६, ११×५ च्या जागी १०×७. तंतोतंत नाही, पण मैदानावर उभं असताना पुरतं.

आणि खटपटे, छापलेल्या पिचवर आंधळा विश्वास ठेवू नका. स्वस्त प्रॉपच्या दोन पात्यांची पिच एकमेकांशी जुळत नाही असंही पाहिलंय. प्रॉप सपाट काचेवर ठेवा, हब काचेला टेकलेला. मध्यापासून पाऊण अंतरावर खूण करा. तिथे पात्याच्या मागच्या सपाट बाजूला पट्टी लावून कोनमापकाने कोन घ्या. त्या खुणेवरच्या वर्तुळाचा परीघ गुणिले कोनाचा टॅन, झाली पिच. ९ इंचीला परीघ येतो २१.२ इंच, कोन १५.८ आला तर पिच ६. एका पात्यावर १६ आणि दुसऱ्यावर १४ आला तर तो प्रॉप भिंतीवर टांगायला ठेवा. बॅलन्सरवर तो सरळ उभा राहील, हवेत मात्र थरथरेल, कारण वजन सारखं असलं तरी दोन्ही पाती खेचतात वेगवेगळं.

चौपंखी

पॉपकॉर्न संपलं, आता भांडायला आलो.

"काट्याच्या ग्रॅमचा बॅटरीशी संबंध फार थोडा" हे विमानवाल्यांपुरतं ठीक. आमचं क्वाड एका जागी तरंगतं. आमच्यासाठी तो काटाच सर्वस्व आहे. वेग शून्य म्हणून कार्यक्षमता शून्य म्हणाल तर आम्ही सगळे शून्य कार्यक्षमतेवर लग्नांचं शूटिंग करतोय.

एका जागी तरंगताना व्यासच राजा. ८०० ग्रॅम थ्रस्टला अगदी आदर्श, घर्षण नसलेल्या प्रॉपला किमान किती पॉवर लागेल याचा हिशेब:

१० इंच : ६३ वॉट
८ इंच : ७९ वॉट
६ इंच : १०५ वॉट

यात पिचचा, पात्याच्या आकाराचा, कंपनीचा काही संबंध नाही. पुष्कळ हवा हळू ढकलणं हे थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा नेहमी स्वस्त पडतं. औषध फवारणीच्या ड्रोनवर ते भलेमोठे प्रॉप शोभेला लावलेले नसतात.

भिंगरी

चौपंखी, तुमचे आकडे शंभर टक्के बरोबर. तरंगणाऱ्या यंत्राला वेगळी मोजपट्टी लागते, दर वॉटला किती ग्रॅम ही. माझं वाक्य पुढे जाणाऱ्या विमानापुरतंच होतं.

पण हाच आदर्श हिशेब पुढे जाणाऱ्या विमानाला लावून बघा. ताशी ४५ ला उडणारं एक किलोचं विमान, सरळ उडताना त्याला साधारण १६० ग्रॅम थ्रस्ट पुरतो. १० इंची प्रॉपची कमाल शक्य कार्यक्षमता येते ९३ टक्के. ६ इंचीची ८४. जे अंतर तरंगताना ६३ आणि १०५ चं होतं, ते इथे एवढंसंच राहिलं. विमान पुढे जात असलं की प्रॉपला ताजी हवा आयती मिळत राहते, व्यासाचा फायदा पातळ होतो. मग नुकसान होतं ते पात्याच्या घर्षणात आणि चुकीच्या कोनात. म्हणून विमानवाल्याने व्यास वाढवून थांबू नये, वेगाला जुळणारी पिच शोधावी.

प्रत्यक्षात ९३ कुणालाच मिळत नाहीत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने हौशी विमानांचे ९ ते ११ इंची ७९ प्रॉप वाऱ्याच्या बोगद्यात तपासले. निबंध २०११ चा आहे आणि आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत. चांगल्या प्रॉपची सर्वोच्च कार्यक्षमता ०.६५ च्या आसपास, अगदी वाईटाची ०.२८. दुकानात दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात!

राइट बंधूंनी १९०३ मध्ये हाताने तासलेला साडेआठ फुटी लाकडी प्रॉप ७५ टक्क्यांच्या आसपास होता. आपला आजचा कार्बन-नायलॉनचा त्याच्या मागे का, तर आकारामुळे. प्रॉप हा फिरता पंख आहे हे त्यांना उमगलं होतं, आणि पंख लहान व हळू झाला की त्याला हवा चिकट वाटायला लागते. रेनॉल्ड्स नंबर म्हणतात तो हाच. आपल्या ९ इंची प्रॉपच्या २ सेंमी रुंद पात्यावर तो लाखाच्या आतबाहेर असतो, मोठ्या विमानाच्या प्रॉपवर दहा लाखांच्या वर. लाखाच्या खाली थ्रस्ट कमी आणि घर्षण जास्त. तोच प्रॉप ३००० ऐवजी ६००० वर फिरवला तर कार्यक्षमता सुधारते, हेही त्या चाचण्यांत स्पष्ट दिसतं.

थंडीतला_भट

मिनेसोटातून. कुणी हवेच्या घनतेबद्दल बोललं नाही म्हणून आलो.

मी भारतात असताना पुण्यात उडवायचो. पुणे साडेपाचशे मीटरवर, मे महिन्याची दुपार, ३८ अंश. घनता घनमीटरला १.०६ किलोच्या जवळपास. पुस्तकातली समुद्रसपाटीची १.२२५. म्हणजे त्याच आरपीएमला थ्रस्ट तेरा टक्क्यांनी कमी, आणि करंटही कमी. इथे हिवाळ्यात उणे १० ला घनता १.३० पर्यंत जाते. तोच प्रॉप, तीच मोटर, तेच आरपीएम ठेवायला पुण्याच्या मेपेक्षा वीस-बावीस टक्के जास्त पॉवर लागते.

म्हणून एप्रिल-मेमध्ये मोजून "१३ अँपिअरच घेतोय, ईएससीला भरपूर जागा आहे" म्हणणाऱ्यांनी डिसेंबरच्या सकाळी पुन्हा एकदा वॉट मीटर लावावा. नाशिकची थंडीही काही कमी नसते.

(इथे थंडीत हातमोजे घालून प्रॉपचा नट आवळायचा कार्यक्रम असतो, तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

नवशिक्या९९

दोन बाळबोध प्रश्न. तीन पात्यांचा प्रॉप जास्त चांगला का? स्पिटफायरला लावायचा विचार आहे. आणि तो मध्यंतरी व्हिडिओत गाजलेला वळसेदार, कड्यांसारखा प्रॉप कसा?

जुना_खेळाडू

स्पिटफायरला तीन किंवा चार पाती शोभतात, तर लावा. दिसायला छान हेही कारणच आहे की. पण कार्यक्षमतेसाठी लावत असाल तर नको. तीन पाती लावल्यावर मोटरवर तेवढाच भार ठेवायला व्यास किंवा पिच उतरवावी लागते. दोन पात्यांचा १०×६ असेल तर तीन पात्यांचा ९×६ लावून बघा. जमिनीला प्रॉप लागत असेल, लँडिंग गियर ठेंगणा असेल, तर तीन पात्यांना पर्याय नसतो. तिथे थोडं नुकसान सोसायचं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण देतो. कंट्रोल लाइनच्या एफटूए वेगाच्या स्पर्धेत एकाच पात्याचा प्रॉप वापरतात. दुसऱ्या बाजूला नुसतं वजन. तिथे विमानं ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं प्रॉप तुटलाय.

भिंगरी

वळसेदार म्हणजे टोरॉइडल प्रॉप. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीचा, २०२२ चा आर अँड डी १०० पुरस्कार मिळालेला. त्यांचा मुख्य दावा आवाजाबद्दल होता, कानाला टोचणाऱ्या वारंवारतेतला आवाज कमी होतो असा. व्हिडिओवाल्यांनी त्याचं "दुप्पट बॅटरी" करून टाकलं. पात्याचा पृष्ठभाग वाढला की घर्षण वाढतं, हे वळसा घातल्याने टळत नाही. हौशी लोकांनी घरी छापून काट्यावर घेतलेल्या चाचण्यांत दर वॉटला ग्रॅम साध्या चांगल्या प्रॉपपेक्षा कमीच दिसतात. घरी छापलेला प्रॉप खरखरीत असतो, त्यामुळे त्या चाचण्याही मी शेवटचा शब्द मानत नाही. पण दुप्पटबिप्पट विसरा.

शांत प्रॉपचं जास्त प्रामाणिक उदाहरण २०१७ च्या मॅव्हिक प्रो प्लॅटिनमचं. पात्यांची टोकं बदलली, आवाज ४ डेसिबलने उतरल्याचं कंपनीने सांगितलं आणि उडण्याचा वेळ २७ वरून ३० मिनिटांवर गेला. त्यातही ईएससी नवीन होते, म्हणजे सगळं श्रेय पात्याला देता येणार नाही.

चौपंखी

घरी छापलेल्या प्रॉपचा विषय निघालाच आहे तर कळकळीची विनंती: मोठ्या आरपीएमवर छापलेला प्रॉप लावून समोर उभं राहू नका. थर जिथे जोडलेले असतात तिथूनच तो सुटतो. १० इंची प्रॉपचं टोक १०,००० आरपीएमला सेकंदाला १३३ मीटरने जातं. सुटलेला तुकडा तेवढ्याच वेगाने येतो.

आणि हे विकतच्या प्रॉपलाही लागू. स्लो-फ्लायर जातीचा, रुंद पातळ पात्याचा प्रॉप जास्त आरपीएमसाठी नसतोच. एपीसी या प्रॉप कंपनीची त्यांच्या स्लो-फ्लायरसाठी मर्यादा आहे ६५,००० भागिले व्यास इंचात. म्हणजे १० इंचीला ६५००. खटपट्या, तुमचा १०×४.५ कुठल्या कंपनीचा आहे माहीत नाही, पण जात तीच दिसतेय आणि तुम्ही तो ७५०० वर पळवताय, हवेत अजून जास्त. त्याची पाती तिथे पिळवटतात, म्हणजे छापलेली पिचही उरत नाही. फडफडल्यासारखा आवाज येतो का?

खटपट्या_नाशिक

डाइव्ह मारताना येतो! फर्रर्र असा. मला वाटायचं एलेरॉन (पंखाची हलती पट्टी) सैल आहे.

चौपंखी

काढा तो आजच. क्वाडसाठी ठेवून द्या.

शाळामास्तरीण

मी सांगलीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे मोटर-लिपो काही नाही. सातवीच्या मुलांसोबत रबराची विमानं करतो, पंख ४५ सेंमी, बाजारात मिळणारा १५ सेंमीचा प्लॅस्टिक प्रॉप. विमान सुटल्यावर एकदम वर उसळतं आणि मग रबर शिल्लक असतानाच खाली यायला लागतं. वरचं वाचून वाटलं की हाही प्रॉपचाच प्रश्न असेल. इथे विचारलं तर चालेल ना?

जुना_खेळाडू

बाई, चालेल काय, धावेल! रबराच्या विमानाइतकं प्रॉप कशानेच कळत नाही.

तुमचा प्रॉप पंखांच्या एक तृतीयांश आहे, ते बरोबर आहे. रबराच्या विमानांना तो ३० ते ४० टक्के लागतो. पिच मात्र आपल्या मोटरवाल्यांपेक्षा खूप जास्त, व्यासाच्या सव्वा ते दीडपट. रबर सावकाश फिरवतं, पण पीळ जोरात देतं, म्हणून. बाजारातल्या प्लॅस्टिक प्रॉपची पिच अनेकदा व्यासाएवढीही नसते. मग तो गरगर फिरतो, रबर पहिल्या काही सेकंदांत उधळून देतो आणि विमान उसळतं. नंतर पीळ उतरला की उरलेल्या फेऱ्या विमानाला उचलायला पुरत नाहीत.

मुलांकडून एक करून घ्या. दह्याच्या किंवा आइस्क्रीमच्या पातळ प्लॅस्टिक कपाच्या बाजूच्या भिंतीतून पाती कापा. कप गोल असतो, त्यामुळे पात्याला बाक फुकट मिळतो. पातं कपावर उभं न आखता थोडं तिरकं आखा, १५ अंश पुरे, म्हणजे पीळही मिळतो. दोन पाती काडीच्या तुकड्यावर चिकटवा आणि कोन बदलून बदलून उडवा. सगळी विज्ञानाची वही त्यात भरेल. रबराला ग्लिसरीन आणि थोडा साबण चोळा, आणि पीळ देताना कुणीतरी ते ताणून धरा. फेऱ्या पुष्कळ जास्त बसतात.

हे वेड कुठवर जातं तेही मुलांना सांगा. एफवनडी नावाची बंद सभागृहातल्या विमानांची जागतिक स्पर्धा असते. विमान किमान १.४ ग्रॅम, पंख ५५ सेंमीपर्यंत, रबर फक्त ०.४ ग्रॅम. एवढ्यावर ती वीस-पंचवीस मिनिटं उडतात. प्रॉप इतका सावकाश फिरतो की फेरे डोळ्यांनी मोजता येतात.

भिंगरी

यात एक भर, कारण हा माझा आवडता धागा आहे (दोन्ही अर्थांनी). १२ जून १९७९ ला 'गॉसमर अल्बाट्रॉस' हे पायडलवर चालणारं विमान इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. चालक ब्रायन ॲलन, विमान पॉल मॅकक्रेडींचं. माणसाचे पाय तासन् तास देऊ शकतात ती पॉवर इतकी थोडी, की प्रॉपमध्ये वाया गेलेला प्रत्येक वॉट पायडल मारणाऱ्याच्या मांड्यांना कळत होता. त्या विमानाचा प्रॉप एमआयटीच्या यूजीन लाराबींनी आखला. पात्याची रुंदी आणि पीळ मध्यापासून टोकापर्यंत कसा बदलत न्यावा, म्हणजे मागे फेकलेल्या हवेत कमीत कमी पॉवर वाया जाईल, हे बेट्झ आणि प्रांट्ल यांनी १९१९ मध्येच मांडलं होतं. लाराबींनी ते घरच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल इतकं सोपं केलं, आणि हौशी विमानवाल्यांनी ते उचललं. मॅकक्रेडी स्वतः पोरवयात हौशी विमानं बनवणारे, स्पर्धांत गाजलेले. त्यांच्याच एरोव्हायरनमेंट कंपनीने पुढे मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरची पाती बनवली. तिथली हवा आपल्या एक टक्का घनतेची. भटांना थंडीत जास्त पॉवर लागते, त्याच्या बरोबर उलटं टोक!

मास्तरीणबाई, मुलांनी कपाचे प्रॉप केले की फोटो टाका.

शाळामास्तरीण

नक्की. कप आमच्याकडे वाढदिवसांच्या कृपेने भरपूर आहेत.

खटपट्या_नाशिक

अपडेट. स्लो-फ्लायर काढून ठेवला. कोनमापकाने ९×६ तपासला, दोन्ही पाती अर्ध्या अंशाच्या आत. आता वेगाची चटक लागलीय, म्हणून १०×७ मागवायचा विचार आहे. मोटर तीच. चालेल?

जुना_खेळाडू

नको. भार व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि पिचच्या सरळ पटीत. ९×६ वरून १०×७ म्हणजे त्याच आरपीएमला १.७८ पट. आरपीएम थोडे पडतील, म्हणून करंट पूर्ण तेवढा वाढणार नाही, पण २२१२ भाजून निघेल. एकदा वाइंडिंगचा वार्निश जळल्याचा वास आला की ती मोटर गेली.

९×७.५ घ्या. १.२५ पट. जमिनीवर अजून कमी खेचेल, हातातून सोडताना जोरात फेकावं लागेल, काट्याकडे बघूच नका. आणि पहिल्या उड्डाणात पूर्ण थ्रॉटल मिनिटभरच, मग उतरवून मोटरला बोट लावा. तीन सेकंद टेकवता आलं तर ठीक.

थंडीतला_भट

आणि हे डिसेंबरात पुन्हा करा.

खटपट्या_नाशिक

९×७.५ मागवला. आल्यावर आधी कोनमापक, मग वॉट मीटर, मग चार्जरचे एमएएच. वारा पडला की रविवारी सकाळी दोन्ही प्रॉप एकाच बॅटरीवर, एकाच चक्रात उडवून आकडे टाकतो. चौपंखी, तुमच्या क्वाडला १०×४.५ हवा असेल तर पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, पोस्टेज तुमचं.